कूपर नदीकाठची नावांची वही

चार्ल्सटनच्या सिटी मार्केटमध्ये शिरताच माझी नजर गेली ती एका पसरट टोपलीवर. गवताच्या पेंढ्यांचे वेढ्यावर वेढे घालून, ताडजातीच्या झाडाच्या पात्यांनी घट्ट शिवलेली, चांगली दीड हात रुंद. विकायला बसलेल्या कृष्णवर्णीय आजीबाईंना मी विचारले, ही कशासाठी? त्यांनी काही न बोलता टोपली दोन्ही हातांत धरली आणि मनगटांना हलकेच झटका देत हवेत नाचवली. पुढचे सांगायची गरजच नव्हती. आमच्या गावी भात पाखडताना आजी सूप अस्सेच नाचवायची! "राइस," आजीबाई म्हणाल्या. "कळलं," मी म्हटले आणि आम्ही दोघीही हसलो.

चार्ल्सटन हे अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरचे, साउथ कॅरोलायना राज्यातले जुने बंदर. माझा मावसभाऊ शार्लट शहरात असतो. तिथून मोटारीने साडेतीन तासांची वाट. "मार्चमध्ये ये, अझेलिया फुललेल्या असतात," असा त्याचा कधीचा आग्रह होता. यंदा योग आला. दादाला मला समुद्र, बागा आणि जुने वाडे दाखवायचे होते. मला मात्र एक नदी बघायची होती.

त्याला कारण एक पुस्तक. एडवर्ड बॉल या पत्रकाराचे 'स्लेव्ह्ज इन द फॅमिली' १९९८ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्याला तिकडचा नॅशनल बुक अवॉर्ड हा मानाचा पुरस्कार मिळाला. बॉल यांचे पूर्वज इथले बडे मळेवाले. त्यांनी ज्यांना गुलाम म्हणून राबवले, त्यांची आजची मुलेनातवंडे कुठे आहेत हे शोधत हा गृहस्थ दारोदार फिरला. जुन्या पुस्तकांच्या दुकानात ते पुस्तक माझ्या हाती लागले, तेव्हापासून त्यातली कूपर नदी डोक्यात घर करून बसली होती.

"सुट्टीत कुणी असलं बघायला जातं का?" दादा म्हणाला.

"जाऊ दे ना. इतकी वर्षं इथं राहून आपण तरी कुठं बघितलंय?" वहिनीने मध्यस्थी केली आणि आम्ही निघालो.

विटेवरची बोटे

शहर देखणे आहे, यात वाद नाही. ॲशली आणि कूपर या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर ते वसले आहे. आमच्या गावापाशी या दोन नद्या मिळतात आणि त्यातून अटलांटिक महासागर तयार होतो, असे इथले लोक ऐटीत सांगतात. पुणेकरांना हा सूर ओळखीचा वाटेल! घरांची अरुंद बाजू रस्त्याकडे आणि लांबलचक पडव्या आतल्या अंगणाकडे. ओक वृक्षांवरून करड्या शेवाळाच्या जटा लोंबत असतात. ईस्ट बे रस्त्यावर गुलाबी, पिवळ्या, निळ्या घरांची ओळ आहे, तिथे नवी जोडपी फोटो काढून घेत होती. आम्हीही घेतले.

घोडागाडीतून फिरवणारा तरुण मोठा बोलका होता. एका जुन्या भिंतीपाशी त्याने गाडी थांबवली आणि विटेवरच्या तीन लहान खळग्यांकडे बोट दाखवले. वीट ओली असताना ती साच्यातून काढणाऱ्या मुलाची ती बोटे. गुलामांच्या मुलांकडे हे काम असे. वहिनीने खाली उतरून आपले बोट त्या खळग्यात बसवून पाहिले. ते मावले नाही. त्यानंतर गाडीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग घोड्याने शेपूट झाडली आणि गाडीवान पुढच्या वाड्याची गोष्ट सांगू लागला.

चामर्स नावाच्या फरसबंद गल्लीत गुलामांच्या लिलावाची इमारत आहे. ती १८५९ सालची. आता तिथे संग्रहालय आहे. इमारत बांधण्याचे कारण ऐकण्यासारखे आहे. त्याआधी लिलाव भर रस्त्यात होत. १८५६ साली नगरपालिकेने उघड्यावरचे लिलाव बंद केले, तेव्हा व्यापारी आत गेले. म्हणजे बंदी विक्रीवर नव्हती, ती चारचौघांत दिसण्यावर होती. उत्तर अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी सुमारे चाळीस टक्के लोक चार्ल्सटनच्याच बंदरात उतरले, असा अंदाज सांगितला जातो. त्यांना आधी बाहेरच्या सलिव्हन्स बेटावर साथीच्या भीतीने अडकवून ठेवत. त्या बेटावर आज समुद्राकडे तोंड केलेला एक साधा बाक आहे. टोनी मॉरिसन या नोबेल विजेत्या लेखिकेच्या पुढाकाराने तो २००८ साली बसवला गेला. गुलामांच्या आठवणीसाठी देशात टेकायला एक बाकसुद्धा नाही, असे त्यांनी पूर्वी बोलून दाखवले होते.

इलायस बॉलची जमीन

दुसऱ्या दिवशी नदी. दादाच्या एका सहकाऱ्याची छोटी मोटरबोट होती. मंक्स कॉर्नर गावाच्या खालच्या अंगाला ती पाण्यात सोडली. कूपर नदीचे पाणी चहाच्या रंगाचे, संथ. काठावर सुसरींसारखे दिसणारे ॲलिगेटर ऊन खात पडलेले. मी बोटीच्या मधोमध सरकून बसले, हे कबूल करते.

तासाभराने नदीचे दोन फाटे जिथे एकत्र येतात ती जागा आली. इंग्रजी टी अक्षरासारखा हा संगम. सतराव्या शतकाच्या अखेरीस इथली जमीन जॉन कमिंग या दर्यावर्दीची होती, म्हणून मळ्याचे नाव पडले कमिंगटी. कमिंग दांपत्याला मूल नव्हते. त्याच्या पश्चात बायकोने निम्मी जमीन इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या, नवऱ्याच्या नात्यातल्या पुतण्याच्या नावे केली. तो पुतण्या म्हणजे इलायस बॉल. १६९८ साली तो आला. काकूची इस्टेट मिळाली ती जमिनीसकट आणि जमिनीवरच्या माणसांसकट!

तिथून १८६५ पर्यंत, म्हणजे अमेरिकेतले यादवी युद्ध संपून गुलामगिरी मोडेपर्यंत, बॉल घराण्याने या नदीकाठी वीसहून अधिक मळे चालवले. त्या १६७ वर्षांत जवळजवळ चार हजार माणसे त्यांच्या मालकीची होती. मळे भाताचे. कॅरोलायना गोल्ड या जातीच्या तांदळाने चार्ल्सटनचे वाडे उभे राहिले.

आता काठावर मळे दिसत नाहीत. दिसतात ते पाण्यातून डोके काढणारे तुटके बांध, मधून मधून सडलेल्या लाकडी दारांचे सांगाडे आणि आत कमळांचे रान. बोटवाल्या गृहस्थांनी इंजिन बंद केले आणि समजावून सांगितले. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी नदीला मागे रेटते, तसे वरचे गोडे पाणी फुगते. बांधातले दार उघडून ते शेतात घ्यायचे, ओहोटीला दुसरे दार उघडून सोडून द्यायचे. मी रायगड जिल्ह्यातल्या खाडीकाठची. आमच्याकडे खारभूमीला बांध असतात, त्यांना उघाड्या असतात. खारे पाणी बाहेर ठेवायचे आणि पावसाचे पाणी बाहेर काढायचे, एवढाच काय तो फरक. एक बांध फुटला की अख्खे गाव रात्री कंदील घेऊन धावते, ते मी लहानपणी पाहिले आहे. इथे तर मैलोन् मैल बांध. दलदलीतले सायप्रसचे रान तोडून, चिखल उपसून, ते फावडे-टोपलीने घातलेले. हिवतापाच्या पाण्यात गुडघाभर उभे राहून. मुले फार दगावत.

आणि हे ज्ञान कोणाचे? मळेवाले डेव्हनचे. त्यांनी भाताचे रोप कधी पाहिले असणार? पश्चिम आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्यावरून माणसे आणली, त्यातला सिएरा लिओनच्या बाजूचा पट्टा भातशेतीसाठी प्रसिद्ध होता. चार्ल्सटनचे व्यापारी तिकडच्या माणसांना मुद्दाम जास्त पसंती देत. बाजारातल्या त्या टोपलीचे कूळही तिथलेच. या भागातले कृष्णवर्णीय स्वतःला गुल्ला म्हणवतात. त्यांची बोली वेगळी, गाणी वेगळी आणि ताटात भात हवाच. चवळी घालून केलेला भात ते नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी शुभ म्हणून खातात. आदल्या रात्री आम्हीही खाल्ला होता. थोडे खोबरे आणि कोथिंबीर असती तर बहार आली असती.

दहा वर्षांची प्रिसिला

बॉल घराण्याने एक गोष्ट नेटाने केली. त्यांनी कागद जपले. कोणत्या मळ्यावर कोण जन्मले, कोण मेले, कोणाला किती वार कापड दिले, कोणाला जोडे, कोणाला घोंगडी, याची यादी दरसाल. आमच्याकडे खोताने नारळाचा आणि बैलांचा हिशेब ठेवावा तसा. अशी हजारो पाने पुढे कॅरोलायनातल्या आणि आसपासच्या ग्रंथालयांत जमा झाली. एडवर्ड बॉल यांनी ती वाचायला घेतली. वहीतली नावे एकमेकांना जोडत त्यांनी आधी वंशावळी रचल्या, मग त्या खाली ओढत आजच्या माणसांपर्यंत आणल्या. बॉलच्या गुलामांचे आज हयात असलेले वंशज पाऊण लाख ते एक लाख असावेत, असा त्यांचा हिशेब निघाला.

त्यातली एक नोंद मला पाठ झाली आहे. १७५६ सालचा जून संपत आला होता. पहिल्या इलायसचा मुलगा, तोही इलायस, वहीत लिहितो की चार मुलगे आणि दोन मुली घेतल्या. वये अंदाजाने. सँचो नऊ वर्षांचा, पीटर आणि ब्रूटस सात-सात, हॅरी सहा, बेलिंडा आणि प्रिसिला दहा. सगळ्यांचे मिळून सहाशे पौंड.

सहा ते दहा वर्षांची सहा मुले, बरोबर आईबाप नाहीत. नावेही मालकाने दिलेली. प्रिसिलेच्या आईने तिला काय नावाने हाक मारली असेल, ते वहीत नाही.

पण या वहीच्या आधीचेही कागद मिळाले. जोसेफ ओपाला या मानववंशशास्त्रज्ञाने ज्या जहाजातून ही मुले आली त्याची कागदपत्रे न्यूयॉर्कच्या एका संग्रहात शोधून काढली. जहाजाचे नाव 'हेअर', म्हणजे ससा! ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टच्या व्हर्नन बंधूंच्या मालकीचे. ते सिएरा लिओनमधून माणसे भरून आले आणि चार्ल्सटनला हेन्री लॉरेन्सच्या पेढीने ती विकली. तिथल्या नदीच्या मुखात बन्स नावाचे बेट आहे. त्यावर इंग्रज व्यापाऱ्यांचा कोट होता. माणसे पकडून आणायची, तिथे कोंडायची आणि जहाज आले की लादायची. कोटाचा मालक रिचर्ड ऑस्वाल्ड लंडनला बसे, लॉरेन्स त्याचा इकडचा अडत्या. गंमत पुढेच आहे. अमेरिका स्वतंत्र झाली, तेव्हा १७८२ साली पॅरिसला तहाची बोलणी झाली. इंग्लंडच्या बाजूने बोलायला आला ऑस्वाल्ड आणि अमेरिकेच्या बाजूने आलेल्यांत होता लॉरेन्स. स्वातंत्र्याच्या मेजावर दोन्हीकडे जुने भागीदार!

प्रिसिला जगली. कमिंगटीवर तिला दहा मुले झाली. १८११ साली ती वारली, म्हणजे परक्या मुलखात आल्यावर पंचावन्न वर्षे काढून. तिच्या सातव्या पिढीतली मुलगी थॉमलिंड मार्टिन पोलाइट चार्ल्सटनमध्ये राहते. शाळेतल्या मुलांचे बोलण्यातले दोष सुधारणे हे तिचे काम. एडवर्ड बॉल तिच्या वडिलांना भेटले, तेव्हा ते निवृत्त शिक्षक होते. आपल्या घराण्याची मूळ बाई दहा वर्षांची असताना इथे उतरली, हे त्यांना वहीतून कळले. २००५ साली सिएरा लिओनच्या निमंत्रणावरून थॉमलिंड तिकडे गेली. तिथल्या लोकांनी त्या सोहळ्याला नाव दिले 'प्रिसिलाचे घरी येणे'. बन्स बेटावरच्या पडक्या कोटात तिला नेले. जिथून तिची आजी निघाली तो किनारा पाहणारी तिच्या घरातली ती पहिलीच. तब्बल २४९ वर्षांनी.

अमेरिकेतल्या लाखो कृष्णवर्णीयांपैकी फारच थोड्यांना जहाजापासून आजपर्यंतची अशी सलग साखळी सापडते. ती का सापडत नाही, हे मला तिसऱ्या दिवशी कळले.

१८७० ची भिंत

गॅड्सडेन धक्का ही चार्ल्सटनमधली गुलाम उतरवण्याची सर्वांत मोठी जागा. त्या धक्क्यावर २०२३ च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय आफ्रिकन अमेरिकन संग्रहालय उघडले. इमारत अठरा खांबांवर उचलून धरलेली आहे, खालची जमीन मोकळी. तिथे फरशीत माणसांच्या आकृत्या कोरल्या आहेत, जहाजाच्या तळघरात दाटीने निजवलेल्या. त्यांच्यावर पाणी चढते आणि ओसरते. शाळेची सहल आली होती. मुले आधी चपला काढून पाण्यात उतरायला निघाली, मग आकृत्या लक्षात आल्या आणि काठावरच थबकली.

वरच्या मजल्यावर कुळाचा शोध घेणाऱ्यांसाठी खास केंद्र आहे. तिथे एक सत्तरीच्या बाई मदतीला होत्या. कृष्णवर्णीय, निवृत्त शिक्षिका, चष्म्याला साखळी. मी बाहेरून आलेली पत्रकार म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुढे केली.

"आमच्यापुढे एक भिंत असते," त्या म्हणाल्या. "१८७० ची."

शिरगणतीत सगळ्या मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांची नावे लिहिली गेली ती पहिल्यांदा १८७० साली. त्याआधी १८५० आणि १८६० ला गुलामांच्या वेगळ्या याद्या झाल्या, पण त्यांत नाव मालकाचे. खाली नुसते आकडे: स्त्री, वय तीस, काळी. पुरुष, वय बारा. भिंतीच्या पलीकडे जायचे तर शेवटचा मालक कोण हे आधी ओळखावे लागते. आडनावावरून ते ठरत नाही, कारण सुटल्यावर अनेकांनी मालकाचे आडनाव घेतले नाही. मग मुक्त झालेल्यांच्या बँकेची खाती बघायची, मजुरीचे करार बघायचे, मालकांची मृत्युपत्रे आणि वाटणीच्या याद्या बघायच्या. आता डीएनए तपासणीनेही नाती कळतात. "पण नाव पाहिजे असेल तर ते मालकाच्या कागदातच," बाई म्हणाल्या. "आणि ते कागद बहुधा कोणाच्या तरी माळ्यावर असतात."

त्यांचा स्वतःचा अनुभव त्यांनी सांगितला. वीस वर्षे त्या शोधत होत्या. एक दिवस उत्तरेकडच्या एका गोऱ्या बाईचे पत्र आले. आजीची पेटी उघडली, तीत मळ्याची वही निघाली, आपल्याला हवी आहे का? सोबत पानांच्या झेरॉक्स प्रती होत्या. घोंगड्यांच्या यादीत त्यांना आपली खापरपणजी सापडली, शेजारी तिची दोन मुले. तिघांत मिळून एक घोंगडी. पानाच्या वरच्या भागात त्याच अक्षरात खेचरांची संख्या होती.

"तुम्हाला काय वाटलं?" मी विचारले. पत्रकाराने विचारू नये असा हा प्रश्न, पण निघून गेला.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "आधी त्या एका घोंगडीचाच राग आला," त्या म्हणाल्या. "मग मी ते पान चौकटीत घालून भिंतीवर लावलं. घरी आलेल्या प्रत्येकाला दाखवते."

सगळे मालकांचे वंशज असे पत्र पाठवत नाहीत. एडवर्ड बॉल यांच्या नात्यातलेच काही जण बिथरले होते. जुनी मढी कशाला उकरतोस, उद्या लोक भरपाई मागायला दारात येतील, असा सूर होता. ज्यांच्या दारी ते गेले त्यांनीही सगळ्यांनी मिठी मारली असे नाही. दीडशे वर्षांनी आमच्याकडे काय मागायला आलास, असा संशय काहींना आला आणि तो मला तरी रास्त वाटतो. बॉल यांनी काही कुटुंबांची समोर बसून माफी मागितली. काहींशी त्यांचे रक्ताचे नाते निघाले. मालकांनी गुलाम बायकांना मुले दिली होती, हे नात्यात सगळ्यांना माहीत आणि कोणी न बोलायचे. आपल्याकडे हे समजावून सांगायची गरज नाही.

मला बॉल यांचे एक वाटते. माफीने कोणाचे पोट भरले नाही हे खरे, पण त्यांनी वही उघडली. ती बंद राहिली असती तर थॉमलिंडला बन्स बेटाचे नावही कळले नसते. त्यांच्यानंतर इतरांनी उघडल्या. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठाचे कर्ज फेडायला जेझुइट पाद्र्यांनी १८३८ साली २७२ माणसे लुइझियानाला विकली होती. अलीकडे त्यांचे हजारो वंशज शोधले गेले आणि विद्यापीठाने २०१७ साली त्यांच्यापुढे माफी मागितली. इंग्लंडच्या ग्लॅडस्टन घराण्याने २०२३ साली गयानात जाऊन माफी मागितली. त्यांचा पूर्वज जॉन ग्लॅडस्टन गुलामांच्या उसाच्या मळ्यांचा मालक, आणि गुलामगिरी उठल्यावर १८३८ मध्ये कलकत्त्याहून पहिले हिंदी मजूर करारावर गयानाला नेण्यामागेही तोच. त्यामुळे त्या माफीत आपल्याही लोकांचा वाटा होता.

माळ्यावरचे रुमाल

मी उठायला लागले, तेव्हा त्या शिक्षिकाबाईंनी सहज विचारले, "तुमच्या देशात मालकांचे कागद कुठे असतात?"

"आमच्याकडे..." म्हणून मी थांबले. आमच्याकडे असले नव्हते, असे जिभेवर आले होते.

पण होते की! पेशवाईत कुणबिणी आणि बटकी विकत घेतल्या जात, आंदण दिल्या जात, सरकारी दफ्तरात त्यांची नोंद होई. वाकडे पाऊल पडले असा आळ आलेल्या बायकांना सरकारच गुलाम करी. हे इतिहासाच्या पुस्तकांत छापलेले आहे. कंपनी सरकारने १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामीचा कायदेशीर आधार काढून घेतला आणि १८६० च्या दंडसंहितेने माणसांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरवला. आणि आमच्या घराकडे पिढ्यान् पिढ्या खोती होती. माळ्यावर मोडी कागदांचे लाल फडक्यात बांधलेले रुमाल होते, ते मी पाहिलेले आहेत. आम्हा मुलांना त्यांना हात लावू देत नसत, विंचू असतील म्हणून.

मी बाईंना खरे तेच सांगितले. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. मागे रांग होती.

शार्लटला परतल्यावर रात्री आत्याला फोन लावला. तिच्याकडे सकाळचा चहा चालला होता. ती आता ब्याऐंशीची आहे, गावच्या घरात एकटी राहते.

"आत्या, माळ्यावरचे रुमाल आहेत का अजून?"

"आहेत. दोन वाळवीनं खाल्ले. का गं, अमेरिकेत बसून रुमाल कशाला आठवले?"

"त्यात कुणबिणींचं काही लिहिलेलं असेल का?"

ती थोडा वेळ बोलली नाही. मला वाटले फोन तुटला.

"लिहिलेलं मला नाही ठाऊक. पण परसातली ती सरपणाची खोली आठवते ना? तिला आपण काय म्हणायचो?"

बटकीची खोली. लपाछपी खेळताना आम्ही सगळी भावंडे तिथेच लपायचो. 'बटकीच्या खोलीत कोण, बटकीच्या खोलीत कोण' असे ओरडत दार ठोकायचो. इतकी वर्षे तो शब्द तोंडात होता आणि त्याचा अर्थ माहीत असूनही तो कधी कानात शिरला नव्हता.

"तिची माणसं कुठं गेली?"

"खाडीपलीकडे एक घर आहे. आई दर दिवाळीला त्यांच्याकडे फराळाचं ताट पाठवायची. का, ते कधी बोलली नाही आणि आम्हीही विचारलं नाही. त्यांचा मुलगा मुंबईला गिरणीत लागला होता. पुढचं ठाऊक नाही." मग जरा थांबून म्हणाली, "त्यांना विचारायला जाणार असशील तर जा हो. पण दारात उभी राहून पहिलं वाक्य काय बोलणार, तेवढं आधी ठरव."

ते अजून ठरलेले नाही. रुमाल खाली काढून उन्हात घालायला मी तिला सांगितले आहे. मोडी वाचणारे अलिबागचे एक गृहस्थ बरोबर यायला तयार झाले आहेत, मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही जातो आहोत. खाडीपलीकडच्या घराला कुलूप आहे, असे आत्याने परवा कळवले. मुंबईचा पत्ता शेजारच्यांकडून काढते म्हणाली. चार्ल्सटनच्या आजीबाईंकडून घेतलेली टोपली तिच्यासाठी बांधून ठेवली आहे.